सिंगल वॉल टेंट घ्यावा का? (फ्रेंडशिप आणि पुढे कांग यात्से-२, दोघांसाठी)

पेठेतला_पोरगा

राम राम मंडळी. टेंटचा विषय आहे, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, नोकरी गोकुळ शिरगावला एमआयडीसीत. सह्याद्रीत दहा वर्षं भटकतोय, पन्हाळा-पावनखिंड सहा वेळा झालंय, रांगणा आणि दाजीपूर तर घरचंच अंगण. मागच्या वर्षी रजा साठवून साठवून मनालीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला आणि तिथनं जे डोक्यात शिरलंय ते काय निघायला तयार नाही. येत्या जूनमध्ये मनालीजवळचं फ्रेंडशिप शिखर (५२८९ मीटर) करायचं चाललंय, मी आणि मामेभाऊ, सोबत मनालीचाच एक गाईड. ते नीट झालं तर पुढच्या वर्षी ऑगस्टला लडाखमध्ये कांग यात्से-२, म्हणजे ६२५० मीटर.

आमच्याकडं आत्ता जो टेंट आहे तो फायबरच्या काड्यांचा, साडेतीन किलो, पावनखिंडीच्या चिखलात लोळून लोळून त्याचा रंग कोणता होता ते पण आता आठवत नाही. तो वर न्यायचा प्रश्नच नाही. नेटवर बघितलं तर वर जाणारी सगळी गोरी मंडळी सिंगल वॉल, म्हणजे एकाच कापडाच्या भिंतीचा टेंट, वापरताना दिसतात, दीड किलोच्या आतबाहेर, पिवळाधमक, दोन पोल आडवेतिडवे घातले की उभा. ब्लॅक डायमंडचा फर्स्टलाइट आणि एल्डोराडो, एमएसआरचा अ‍ॅडव्हान्स प्रो, रॅबचा लाटोक अशी नावं वहीत लिहून ठेवलीत. किंमत बघून घाम फुटला, मागवायचा म्हटला तर कस्टम धरून पन्नास हजाराच्या वर जातंय.

तर विचारायचं असं की एवढे पैसे घालून घ्यावा का, आणि घेतला तर तोच टेंट पावसाळ्यात आपल्याकडं पण वापरता येईल का, म्हणजे निदान पैसे वसूल तरी होतील. आणि वाऱ्यात टिकतो का हो एवढासा. मामेभाऊ सहा फूट एक इंच आहे, हे पण सांगून ठेवतो.

नाद_खुळा_कोपू

पन्नास हजारात सेकंडहँड स्प्लेंडर येत्या मर्दा. दोघं बसताय, डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाताय, आणि रात्री आतनं गळत न्हाई 😀

रानवाटा_करवीर

वरच्या भावाकडं लक्ष देऊ नकोस, पण "आतनं गळणं" हा शब्द त्यानं बरोबर वापरलाय. सिंगल वॉलची सगळी गोष्ट त्या एका शब्दात आहे.

टेंट भिजतो तो फक्त पावसानं नाही. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, घाम येतो, ओले मोजे आणि गेटर (बुटावरनं पोटरीला बांधतात ते) आत असतात, त्या सगळ्याची वाफ होते आणि थंड कापडाला लागली की तिचं पाणी होतं. डबल वॉलमध्ये पण होतंच की, पण तिथं ते पाणी बाहेरच्या कापडाच्या आतल्या अंगाला साठतं, तुझ्या आणि त्याच्यामध्ये जाळीचं नाहीतर पातळ कापडाचं दुसरं छत असतं, त्यामुळं टपकलं तरी तुझ्या स्लीपिंग बॅगवर येत नाही. सिंगल वॉलमध्ये हे मधलं छतच काढून टाकलेलं असतं. वजन वाचतं ते तिथंच. म्हणजे तू किलो-दीड किलो कमी उचलतोयस आणि त्या बदल्यात कोरडेपणा गहाण टाकतोयस, सौदा एवढाच आहे. कधी तो फायद्याचा, कधी पार आतबट्ट्याचा.

मी दोन्ही भोगलंय. बियास कुंडाच्या वरच्या अंगाला, जून महिना, दुपारी तीनला ढग भरून आले आणि पाऊस की बर्फ हेच कळेना असलं काहीतरी पडायला लागलं, रात्री पारा शून्याच्या आसपास घुटमळत होता. मित्राचा सिंगल वॉल. दहा वाजता छताला हात लावला तर लेंगा पिळावा तसा ओला. झोप लागते न लागते तोवर कपाळावर एक थेंब. मग बघितलं तर थेंब पडतोय तो बरोबर मधल्या शिवणीवरनं, एक पडला की दुसरा आठ-दहा सेकंदांनी, मी मोजतच बसलो. सकाळी डाउनच्या, म्हणजे पिसांच्या स्लीपिंग बॅगच्या पायाकडची पिसं गोळा होऊन दोन मुठींएवढी झालेली आणि उरलेली बॅग म्हणजे नुसतं कापड. डाउन ओलं झालं की त्याची ऊब गेलीच. आम्ही वर न जाता परत फिरलो, आणि हवा दुसऱ्या दिवशी लख्ख उघडली होती बरं का.

उलट लडाखला. मारखा खोऱ्यातनं वर निमालिंगच्या पुढं, रात्री उणे दहा तरी असेल, हवा अशी कोरडी की ओठ फुटून रक्त. तिथं पण आत वाफ होतीच पण तिचं पाणी होतच नाही, थेट हिव होऊन छताला चिकटतं. सकाळी मित्रानं कूस बदलताना टेंटला खांदा लागला आणि सगळी पिठीसाखर आमच्या तोंडावर. पण ती कोरडी असते, झटकायची, छोट्या ब्रशनं एका कोपऱ्यात ओढायची आणि दारातनं बाहेर. ऊन यायच्या आधी मात्र झटक, ऊन लागलं की तीच साखर दहा मिनिटांत पाणी होऊन खाली.

तेव्हा शिखर किती उंच आहे ते बघून टेंट घेऊ नकोस, हवा कसली आहे ते बघून घे. फ्रेंडशिपला जूनमध्ये खालच्या कॅम्पवर ओलं बर्फ आणि पाऊस दोन्ही मिळणार, सिंगल वॉलला याच्याइतकी वाईट हवा दुसरी नाही. कांग यात्से पर्जन्यछायेत, तिथं हाच टेंट सोनं.

आणि पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड म्हणशील तर हात जोडतो बाबा. जुलैत मसाई पठारावर हवा आधीच पाण्यानं भरलेली, टेंटमधली वाफ जाणार कुठं. त्यापेक्षा शाळेचा व्हरांडा बघ.

यंत्रमाग_इचल

दादांनी बरोबर सांगितलंय, कापडाचं थोडं मी सांगतो, आमचा धंदाच तो, टेंटचं नाही पण सिंथेटिक कापडात पंधरा वर्षं गेली इचलकरंजीत.

सिंगल वॉल म्हणून जे विकतात त्यात तीन वेगवेगळ्या जाती आहेत आणि दुकानदार तिन्हीला एकच नाव लावतो. एक, साधं कोटिंगवालं नायलॉन किंवा पॉलिस्टर, सिलिकॉन नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन) मारलेलं. यातनं पाणी पण जात नाही आणि वाफ पण जात नाही, म्हणजे प्लास्टिकची पिशवीच, फक्त महाग. ट्रेकिंग पोलवर उभे राहणारे किलोच्या आतले टेंट बहुतेक यातले. दुसरी जात मेम्ब्रेनवाली, म्हणजे कापडाला वाफ सोडणारा पातळ पडदा चिकटवलेली, एल्डोराडोचं टॉडटेक्स किंवा लाटोकचं ईव्हेंट यातलं, वाफ थोडीफार बाहेर सोडतं आणि पाऊस अडवतं, पण कापड जड, त्यामुळं हे टेंट दोन किलोच्या घरात जातात. टॉडटेक्समधला टॉड म्हणजे टॉड बिबलर, अमेरिकन गिर्यारोहक, असले टेंट त्यानंच रुळवले आणि पुढं त्याची कंपनी ब्लॅक डायमंडनं घेतली. तिसरी जात डायनीमाची, म्हणजे फार मजबूत आणि हलक्या सिंथेटिक धाग्याची, ताणत नाही, भिजून जड होत नाही, वजनाला काहीच नाही, पण वाफ त्यातनं पण जात नाही आणि किमतीला तर हात लावायलाच नको.

फर्स्टलाइट या कशातच नीट बसत नाही. त्याचं जुनं कापड एपिक नावाचं होतं, त्यात धाग्यालाच सिलिकॉन असतं, हवा खेळते पण ते पूर्ण वॉटरप्रूफ नाही. बर्फ झटकायला एक नंबर, तासन् तास पाऊस लागला तर झिरपणार. यात लपवाछपवी काही नाही, तो बनवलाच कोरड्या थंडीसाठी. लोक सेकंडहँड घेतात आणि मग पावसात नेऊन बोंब मारतात.

आता मेम्ब्रेनबद्दल जो गैरसमज आहे तो असा की लोकांना वाटतं कापड आपोआप वाफ ओढून बाहेर टाकतं. तसं काही नाही. आत उबदार दमट आणि बाहेर थंड कोरडं असेल तरच वाफ बाहेर जायला बघते. बाहेरच नव्वद-पंच्याण्णव टक्के दमटपणा असेल, म्हणजे आपल्याकडं जुलै-ऑगस्ट, तर ती जाईल कशाला. गगनबावड्याला पन्नास हजाराचा मेम्ब्रेन टेंट आणि हजार रुपयाची ताडपत्री, आतनं दोन्ही सारखेच ओले. ताडपत्रीला निदान दोन्ही बाजू उघड्या असतात.

डेनियरबद्दल पण विचारशील म्हणून आधीच सांगतो. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये जेवढं तेवढा डेनियर. म्हणजे ३० डेनियरचा नऊ किलोमीटर धागा फक्त ३० ग्रॅम. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, पण जाड म्हणजे मजबूत असं सरळ गणित नाही, कोटिंगवर पण असतं. सिलिकॉन मारलं की कापड फाटायला अवघड होतं, पीयूनं उलट फाटायला सोपं होतं. आणि ते १५०० एमएम, ३००० एमएम लिहितात ना, ते म्हणजे कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर तिथपर्यंत झिरपत नाही. छताला १५०० पुरतं. तळाला जास्त लागतं कारण तू गुडघा टेकवलास की तेवढ्या जागेवर सगळा भार येतो, ओल्या जमिनीवर पाणी तिथनंच वर येतं.

नायलॉन भिजलं की सैल पडतं हे पण लक्षात ठेव, संध्याकाळी ताणलेला टेंट रात्री दहाला पोट सुटल्यासारखा दिसतो. झोपायच्या आधी एकदा बाहेर जाऊन दोऱ्या परत ताणायच्या. पॉलिस्टरला हा त्रास कमी.

पेठेतला_पोरगा

बाप रे. दादा, यंत्रमाग साहेब, दोघांचे आभार, वहीची तीन पानं भरली. म्हणजे नेटवर जे फोटो बघत होतो ते सगळे कोरड्या थंडीतले होते तर.

वाऱ्याचं आणि उंचीचं अजून कुणीच बोललं नाही. मामेभावाला मी "तुझे पाय बाहेर राहतील" म्हटलं तर तो आता माझ्याशी बोलत नाही.

हिमरेषा

मामेभावाला समजवा, विनोदाचा विषय नाही हा. या टेंटची आतली लांबी साधारण २१० सेंटीमीटरच्या आतबाहेर असते. ६ फूट १ इंच म्हणजे १८५ सेंमी, त्यात डाउन बॅगची जाडी, डोक्याकडे टोपी आणि पायाकडे बॅगचा फुगा, म्हणजे दोन्ही टोकं भिंतीला टेकलीच. आणि भिंत तर ओली किंवा हिव धरलेली. बॅगचा पायाकडचा भाग तिथूनच भिजतो. आम्ही पायाकडे रेनजॅकेट घालतो, चेन लावून बॅगच्या टोकावर चढवायचं उशीच्या अभ्र्यासारखं. तिरपं झोपलं तरी थोडं जमतं, पण मग दुसऱ्यानं जायचं कुठं. रुंदी १२०-१२५ सेंमी असते, दोघांच्या दोन मॅट घातल्या की हात ठेवायला जागा उरत नाही.

मी बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही कोर्स केलेत आणि नंतर छोट्या टीममध्ये चार-पाच वेळा वर गेले आहे, त्यातल्या दोनदा सिंगल वॉल होता. ओल्या कापडापेक्षा मला जास्त काळजी स्टोव्हची वाटते, त्यावर इथे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

वरच्या कॅम्पवर तुमचं मुख्य काम बर्फ वितळवणं. दोघांना रात्रीचं, सकाळचं आणि चढाईसाठी न्यायचं पाणी धरलं तर स्टोव्ह तासन् तास चालू राहतो. डबल वॉलला पुढे पडवी असते, व्हेस्टिब्यूल, स्टोव्ह तिथे ठेवायचा, दार अर्धं उघडं. हलक्या सिंगल वॉलला बऱ्याचदा पडवीच नसते, असली तर वेगळी विकत घ्यायची. मग बाहेर वारा आहे म्हणून लोक स्टोव्ह आत घेतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोकं दुखायला लागलं तरी माणसाला वाटतं उंचीमुळे दुखतंय. हे दोन्हीचं डोकेदुखणं सारखंच वाटतं, घोळ तिथेच आहे. शिवाय पातेल्यातली सगळी वाफ छताला. आणि कापड पेटलं तर दार एकच. म्हणून दोन व्हेंट, म्हणजे हवेचे झरोके असलेला टेंट बघा, एक वर एक खाली, नाहीतर दाराची चेन वरून हातभर उघडी ठेवायची, कितीही थंडी वाजली तरी. रात्री बर्फ पडत असेल तर दर दोन-तीन तासांनी उठून व्हेंटवरचा बर्फ काढायचा, बाजूचा पण ढकलायचा. आम्ही पाळी लावतो. ज्याची पाळी असते तो शिव्या देतो, पण उठतो.

वाऱ्याचं म्हणाल तर या बाबतीत हे टेंट चांगले असतात. बुटके, दोन पोल बरोबर मध्ये एकमेकांवरून जातात, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये पोल आतून लावायचे असतात. वारा असेल तर आधी कोपरे ठोकायचे, मग एकानं आत शिरायचं, तुमचंच वजन टेंट धरून ठेवतं, आणि आत बसून पोलची टोकं कोपऱ्यात बसवायची. पहिल्यांदा करताना पोल डोळ्यात जाईल असं वाटतं. घरी दहा वेळा करा, शेवटच्या दोन वेळा हातमोजे घालून.

खुंट्या बर्फात चालत नाहीत हे कोर्सला शिकवलं असेलच. पिशवीत बर्फ भरून दोरी बांधून पुरायची, वरून पायानं दाबायची, अर्ध्या तासात दगड होतो. स्टफसॅक चालते, पण साखरेच्या नाहीतर खताच्या पोत्याचे तुकडे शिवून नेलेत तर फुकटात होतं, मी गावाकडून खताची पोतीच नेते.

गॅसचे डबे मनालीलाच घ्या. रेल्वेत आणि विमानात दोन्हीकडे चालत नाहीत.

लेथवाला_उद्यमनगर

पोलचं मी बोलतो. उद्यमनगरात वर्कशॉप आहे, ट्रेकिंग ग्रुपची पोरं मोडक्या काड्या घेऊन माझ्याकडंच येत्यात.

फायबरची काडी मोडली की उभी चिरते, कुसळं हातात जात्यात आणि मोडलेलं टोक कापडातनं आरपार. वर असलं काही न्यायचं न्हाई. अ‍ॅल्युमिनियमची पायजे, सात हजार सिरीजमधली, ती वाकते, पिचते, पण लगेच तुटत न्हाई. कोरियाच्या डीएसी कंपनीच्या काड्या चांगल्या टेंटला असत्यात, बघितल्यावर कळतंय, एकसारखी भिंत, जोडावर कुठं खरखर न्हाई.

सोबत स्लीव्ह न्यायची, म्हंजे काडीच्या बाहेरनं सरकेल असा पाईपचा तुकडा, १०-१२ सेंटीमीटर. काडी मोडली की मोडलेल्या जागेवर स्लीव्ह सरकवायची, दोन्ही बाजूला चिकटपट्टी गुंडाळायची, झालं काम. सिंगल वॉलला दोनच पोल असत्यात, त्यातला एक गेला की टेंट न्हाई, नुसती पिशवी. डबल वॉलवाल्याला तीन-चार पोल असले तर एक गेला तरी उभा ऱ्हातोय. पोल घेऊन या, बाहेरचा व्यास मापून पाच मिनटात स्लीव्ह काढून देतो, पैशाचं बघू.

आणि काडीतलं इलॅस्टिक थंडीत ढिलं पडतंय, जोड पूर्ण बसलाय का न्हाई बघूनच वाकवायचं. अर्धा बसलेला जोड वाकवला की तोंड फाटतंय. माझ्याकडं आलेल्या दहातल्या सात काड्या असल्याच.

नाद_खुळा_कोपू

उद्यमनगरात एव्हरेस्टची शिडी पण करून देत्यात, मागायचा अवकाश. आमच्या कस्तुरी सावेकरनं २०२२ ला एव्हरेस्ट केलं तवापासनं पेठेत प्रत्येक पोराला वर जायचंय, आमच्या घरात पण एक आहे. सोडा, चालू द्या.

पेठेतला_पोरगा

हिमरेषा ताई, स्टोव्हचं वाचून खरंच पोटात गोळा आला, आम्ही आतच करणार होतो. लेथवाले काका, शनिवारी येतो.

एक अडाण्यासारखा प्रश्न. समजा मी साधा डबल वॉल फोर-सीझन, म्हणजे बर्फात पण चालणारा, घेतला तर तो तीन किलोच्या आसपास जातो. दोघांत वाटला तर दीड-दीड. सिंगल वॉल दीडचा, म्हणजे प्रत्येकी पाऊण. म्हणजे माझ्या खांद्यावर फरक पडतो तो पाऊण किलोचा. या पाऊण किलोसाठी आपण पन्नास हजार म्हणतोय का?

रानवाटा_करवीर

आत्ता बोललास. बरोबर पाऊण किलो. आणि ओली झालेली डाउन बॅग परत खाली आणायची झाली तर त्यातलं निम्मं वजन पाणी होऊन परत तुझ्याच पाठीवर येतं.

सिंगल वॉलचा खरा उपयोग कुठं, तर बेस कॅम्प वेगळा, तिथं मोठा टेंट, किचन टेंट सगळं, आणि वर एक किंवा दोन रात्री काढायला हा. कड्यावर, अरुंद जागेत, जिथं बर्फ खोदून दीड मीटर रुंद ओटा करायलाच दोन तास लागतात, तिथं छोटा तळ पण कामाला येतो. फ्रेंडशिपला वरच्या कॅम्पवर जागा ऐसपैस आहे, तिथं तुला अरुंद टेंटची गरज नाही.

हे बघ, माझ्याकडं एक मेम्ब्रेनवाला सिंगल वॉल पडून आहे, आठ वर्षं जुना, दोन किलोचा. विकत घ्यायच्या आधी नेऊन झोप. पण वर नेऊ नकोस अजून, इथंच कुठंतरी दमट जागा बघ. फुकट आहे, अट एकच, कोरडा परत दे.

पेठेतला_पोरगा

मंडळी, महिनाभरानं लिहितोय, रिपोर्ट देतो.

टेंट दादांच्या घरातनं आणला, आधी गच्चीवर लावला. आतनं पोल लावताना पहिल्या वेळी २२ मिनिटं लागली आणि आई वर येऊन बघून गेली, म्हणाली "आत काय मेलास का रे." पाचव्या वेळी सहा मिनिटं. मग नळाची पाईप घेऊन मामेभावानं बाहेरनं अर्धा तास पाणी मारलं, हा कार्यक्रम त्यानं फार मनापासून केला. एका शिवणीतनं कोपऱ्यात पाणी आलं, बाकी कोरडा.

मग दमट जागा म्हणून प्रयाग चिखलीला मित्राच्या रानात गेलो, जानेवारीचा दुसरा शनिवार. नदी हाकेच्या अंतरावर, तिन्ही बाजूला ऊस, शेजारी गुऱ्हाळ चालू. रात्री गरम काकवी आणि भाकरी खाऊन दहाला आत गेलो, आभाळ निरभ्र, वारा अजिबात नाही. दोन्ही व्हेंट उघडी ठेवली. साडेबाराला छताला हात लावला, ओलसर. तीनला लावला तर बोटावरनं ओघळ मनगटापर्यंत. मामेभाऊ तिरपा झोपला होता तरी त्याच्या बॅगचं टोक हिरव्याचं काळं झालेलं. पहाटे पाचला गुऱ्हाळाची भट्टी परत पेटवली तेव्हा आम्ही दोघं आधीच जागे होतो.

सकाळी एक काम केलं. कोरडा पंचा घेऊन आतल्या भिंती सगळ्या पुसल्या आणि स्टीलच्या पेल्यात पिळला. तीनदा पिळला. पाऊण पेला भरला. मित्राच्या वडिलांनी पेल्यात बघितलं आणि म्हणाले, "एवढं पाणी अंगातनं निघतंय व्हय, मग चा दोन कप घ्या."

बाहेरच्या अंगाला पण दव होतंच. शेजारी आमचा तो जुना चिखल खाल्लेला डबल वॉल मुद्दाम रिकामा न ठेवता मित्र आणि त्याचा भाऊ झोपवले होते. त्याच्या बाहेरच्या कापडाला आतनं पाणी तेवढंच, पण दोघांच्या चादरी खडखडीत कोरड्या. म्हणजे साडेतीन किलोचा म्हातारा जिंकला.

तर ठरलंय ते असं. फ्रेंडशिपला मनालीतनंच चांगला डबल वॉल भाड्यानं घ्यायचा, गाईडशी बोलणं झालं, आधी लावून बघणार आणि पोल तपासूनच पैसे देणार. लडाखच्या वेळी रानवाटा दादा परत देतील तर हाच सिंगल वॉल. पन्नास हजारातले बारा-तेरा हजार मामेभावाच्या लांब बॅगमध्ये गेले, तो आता बोलायला लागलाय.

दादा, ती गळकी शिवण मीच भरून देतो. सीम सीलर (शिवण बुजवायचा लेप) कुठला आणू, सिलिकॉनचा की पीयूचा? लक्ष्मीपुरीत हार्डवेअरवाल्याकडं सिलिकॉनची ट्यूब बघितली.

यंत्रमाग_इचल

कापडावर आधी साधी चिकटपट्टी लावून बघ. चिकटलीच नाही, सरळ निघून आली, तर सिलिकॉनचं कोटिंग आहे, त्यावर फक्त सिलिकॉनच बसतं. नीट चिकटली तर सिलिकॉन नाही, मेम्ब्रेनला आतल्या बाजूनं पीयूवाला सीलर लाव. दादांचा मेम्ब्रेनचा आहे तेव्हा बहुतेक दुसराच लागेल. हार्डवेअरवाल्याची ट्यूब सिलिकॉनच्या कापडासाठी चालते, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशनं मारायची, पण ट्यूबवर अ‍ॅक्रिलिक लिहिलं असेल तर ती खिडकीचीच, टेंटला उपयोग नाही. मारल्यावर एक दिवस ताणलेला ठेव, आणि घडी घालायच्या आधी शिवणीवर टाल्कम पावडर मार, नाहीतर सगळं एकमेकाला चिकटून बसेल.

रानवाटा_करवीर

पीयूवालाच आण. ट्यूब अर्धी उरेल, ती पण आण.

आणि टेंट गच्चीवर नाही, घरात पंख्याखाली वाळव दोन दिवस, कडक उन्हात नायलॉन मरतं. कोपरे उलटे करून बघ, तिथं ओल राहते. मागं एकाला दिला होता, त्यानं आंबोलीवरनं आणून ओलाच पिशवीत भरून दिला, पिशवी मी महिन्यानं उघडली. तो वास तुला पहिल्या रात्री आला असेल, तो काकवीचा नव्हता.